तळ्यात सोडला म्हणजे सुटला?

आफ्रिकन मांगूर या माशाच्या पालनावर आणि विक्रीवर आपल्या देशात २००० साली बंदी आली. त्याला पाव शतक उलटून गेले. एवढ्या अवधीत हा मासा आपल्याकडून हद्दपार व्हायला हवा होता. झाले उलटेच. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाला त्याचे साठे नष्ट करण्याचे आदेश नव्याने द्यावे लागले. त्यानंतर मत्स्यव्यवसाय खात्याची माणसे उजनी धरणाच्या आसपास, इंदापूर-दौंडच्या पट्ट्यात आणि इकडे भिवंडीच्या बाजूला तळी उपसत फिरली. उपसलेला मासा खड्डे खणून पुरण्यात आला. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून आली, चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

या सगळ्या चर्चेचा रोख शेततळ्यांवर होता आणि ते योग्यही होते. पण ज्या जातीची तळीच्या तळी सरकार उपसते, त्याच जातीचे बोटभर पिल्लू कॅटफिश म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीतून मध्यमवर्गीय घरातही येते. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत त्याची स्थापना होते आणि मुले त्याचे बारसे करतात. या टाकीची दखल कोणी घेतलेली नाही. ती घ्यायला हवी, कारण टाकीतल्या माशाचे पुढे काय होते हा प्रश्न आता त्या घरापुरता राहिलेला नाही.

मूळचा कुठला, आला कसा?

या माशाचे शास्त्रीय नाव क्लॅरिअस गॅरीपायनस. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज नदीचे तिथल्या लोकांच्या भाषेतले नाव गारीप. विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८२२ साली या माशाचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा त्या नदीवरून हे नाव पडले. वस्ती मात्र एका नदीपुरती नाही. दक्षिण आफ्रिकेपासून नाईलच्या खोऱ्यापर्यंत आणि तिथून पुढे सीरिया, तुर्कस्तानपर्यंत तो आढळतो. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या, डोके चपटे आणि रुंद. पूर्ण वाढ झाली तर लांबी साडेपाच फूट आणि वजन ६० किलोपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी नारमेर नावाचा राजा होऊन गेला. त्याचे नाव चित्रलिपीत लिहिताना मिशाळ मासा आणि छिन्नी अशी दोन चित्रे काढत. तिथल्या लोकांना असल्या माशांच्या ताकदीची पारख तेव्हापासून होती, असे म्हणायला हरकत नाही.

ही ताकद कशात आहे? पाण्यातला प्राणवायू कमी झाला तरी या माशाचे अडत नाही. कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखे फुटवे असलेले एक इंद्रिय त्याला असते. वर येऊन तो हवेचा घोट घेतो आणि त्यावर निभावून नेतो. तळे आटले तर चिखलात तग धरतो. ओलसर गवतातून परांच्या काट्यांवर भार देत, अंग वळवत दुसऱ्या डबक्यापर्यंत सरपटत जातो. खाण्यात विधिनिषेध नाही. किडे, गोगलगाई, बेडूक, मासे, मेलेले जनावर, जे मिळेल ते. बोट्स्वानात ओकावांगो नदीचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. तिथे पूर ओसरू लागला की हे मासे हजारोंच्या संख्येने एकत्र येतात आणि लव्हाळ्यांवर शेपट्या आपटत, लपलेल्या लहान माशांना हुसकावत प्रवाहाच्या उलट चालून जातात. तिथले मगर, गरुड, बगळे असे सगळे त्या मोहिमेची वाट पाहत असतात. तिथे त्याला खाणारे आहेत, त्याच्यापासून जपायला शिकलेले भक्ष्य आहे. हजारो वर्षांत बसलेली ती घडी आहे.

आपल्याकडे तो आला तो ही घडी मागे ठेवून. थायलंडहून बांगलादेशात आणि तिथून १९९० च्या दशकात चोरट्या वाटेने पश्चिम बंगालमध्ये. म्हणून बाजारात त्याला थाई मांगूर म्हणतात. आपला देशी मांगूर वेगळा. तो आकाराने लहान, वाढीला मंद, चवीला सरस. आता तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. थाई मांगूर कोंबड्यांच्या आणि खाटीकखान्याच्या टाकाऊ मांसावर पोसता येतो आणि काही महिन्यांत किलोभर भरतो. एवढा नफा दिसल्यावर बंदीला कोण विचारतो?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा मासा खाल्ला की कर्करोग होतो, असे सर्रास सांगितले जाते. मासा जन्मजात विषारी नाही. नायजेरियात तर मत्स्यशेतीचा तो कणाच आहे. तिथल्या खानावळींत हौदातल्या जिवंत माशाकडे गिऱ्हाईक बोट दाखवते आणि तोच मासा रश्श्यात शिजून येतो. धोका त्याला काय चारले आणि कसल्या पाण्यात वाढवले यात आहे. कुजके मांस आणि सांडपाणी यावर पोसलेला कोणताही जीव ताटात घेण्यासारखा नसतो. पण बंदीमागे आणखी एक मोठे कारण आहे. हा मासा आपल्या नद्यांत सुटला तर काय करील, ही भीती.

‘टाकीएवढाच वाढतो’

आता पुन्हा दिवाणखान्यात येऊ. ठाण्याच्या एका ओळखीच्या कुटुंबाची हकीकत सांगतो. चौथीतल्या मुलाच्या वाढदिवसाला तीन फुटी टाकी आणली. त्यात गप्पी, एंजल वगैरे नेहमीची मंडळी. दुकानदाराने वर दोन बोटभर काळपट मिशाळ मासे दिले. ‘तळातले उरलेसुरले खातात, टाकी स्वच्छ राहते. टाकी जेवढी, तेवढाच मासा वाढतो,’ असे सांगितले. दोन महिन्यांत गप्पी एकेक करून नाहीसे झाले. मग एंजल गेले. मग दोघांतला एक मिशाळ गेला. उरलेल्याचे नाव मुलांनी मोटू ठेवले. दोन वर्षांत मोटू जवळजवळ दोन फुटांचा झाला. रात्री झाकणावर धडका मारायचा. एकदा झाकण सरकवून बाहेर पडला आणि सकाळी सोफ्याखाली सापडला, तोही जिवंत!

टाकीएवढाच मासा वाढतो हे वाक्य मी निरनिराळ्या दुकानांत ऐकले आहे, आणि ते साफ खोटे आहे. लहान टाकीत मासा खुंटतो तो समजूतदारपणाने नव्हे. आपल्याच मलमूत्रातल्या अमोनियाने त्याचे आरोग्य ढासळते, पाठ वाकते, वाढ अडते. बहुतेक जाती त्यात लवकर मरतात आणि आपल्याला वाटते, नाजूक होता बिचारा. मांगूर मात्र हवेवर श्वास घेऊन जगतो आणि वाढतच राहतो.

थोडा हिशेब करून पाहू. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साडेचार घनफूट, म्हणजे सव्वाशे लिटरच्या आसपास पाणी मावते. दोन फुटांच्या माशाला त्या एक फूट रुंदीत धड वळताही येत नाही. त्याला वळता यावे, चार हात पोहता यावे म्हणून आठ फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकी घ्यायची म्हटली, तर ते झाले ६० घनफूट. म्हणजे सुमारे १,७०० लिटर पाणी. काच, लोखंडी चौकट आणि वाळू सोडून नुसत्या पाण्याचेच वजन १,७०० किलो! आपल्याकडच्या राहत्या घरांचे स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखलेले असतात. या टाकीचा भार पडतो चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या वर. शिवाय दर आठवड्याला निम्मे पाणी बदलायचे. ज्या सोसायटीत मे महिन्यात टँकर येतो, तिथे आठशे लिटर पाणी माशासाठी कोण देणार? आणि हा मासा आठ-दहा वर्षे सहज जगतो.

म्हणजे सामान्य फ्लॅटमध्ये हा मासा नीट ठेवता येत नाही. हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. ज्या दिवशी ठाऊक होते, त्या दिवशी मासा घरातला झालेला असतो. मोटूच्या घरीही तेच झाले. दुकानदाराने परत घ्यायला नकार दिला. कापून खाण्याची कल्पना मुलांना सहन होईना. आजी म्हणाल्या, ‘‘मुका जीव आहे, असा कोंडून ठेवू नका. तलावात सोडा, दुवा देईल.’’ आणि मुलाच्या वडिलांनी मला फोन करून विचारले, ‘‘काका, मासुंदा तलावात सोडला तर चालेल का?’’

पुण्य की पाप?

या प्रश्नामागची भावना मी हलक्यात घेत नाही. कोंडलेल्या जिवाला मोकळे करणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानतात. बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन तळ्यात सोडणारी माणसे आहेत. पिंजऱ्याचे दार उघडून पोपट सोडणारी आहेत. आपल्याकडेच कशाला, बौद्ध देशांतही ही प्रथा आहे. सिंगापूरमध्ये वैशाख पौर्णिमेच्या सुमारास तिथल्या उद्यान मंडळाचे स्वयंसेवक तलावांवर उभे राहून प्राणी सोडू नका, अशी लोकांना विनवणी करतात. भावना चांगली असली तरी परिणाम वाईट होतो, हे तिथे कळून चुकले आहे.

परिणाम कसा होतो याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. राजस्थानातले भरतपूरचे केवलादेव पक्षी अभयारण्य जागतिक वारसा स्थळ आहे. तिथल्या पाण्यात आफ्रिकन मांगूर शिरला आणि वन खात्याला हजारोंच्या संख्येने तो पकडून काढावा लागला. पक्ष्यांच्या तोंडचा घास तो पळवत होता. हा मासा पावसाळ्यात, नवे पाणी काठच्या गवतावर चढले की त्या उथळ पाण्यात अंडी घालतो, तीही हजारोंनी. आपल्या मृगाच्या पावसाइतके सोयीचे त्याला दुसरे काय हवे?

प्रश्न एकट्या मांगुराचाही नाही. २०१८ च्या महापुरानंतर केरळात नदीत टाकलेल्या जाळ्यात ॲमेझॉनचा राक्षसी अरापैमा सापडला. २०२३ साली भोपाळच्या मोठ्या तलावात आणि श्रीनगरच्या दल सरोवरात सुसरीसारख्या जबड्याचा अमेरिकी मासा मिळाला. आपल्या उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात सकर मासा येतो. टाकीची काच साफ करतो म्हणून घरोघर ठेवतात तोच हा, दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या खरबरीत कवचाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. हे मासे उडून आले नाहीत. कुठल्या तरी मत्स्यशेतीतून निसटले किंवा कुठल्या तरी घरातून सोडले गेले.

परकी जात आली म्हणजे प्रलय झाला, असेही मानायचे कारण नाही. उजनीची चिलापीही मूळ आफ्रिकेचीच. ती १९५२ साली रीतसर भारतात आणली गेली आणि आज अनेक मच्छीमारांची चूल तिच्यावर पेटते. पण तिने देशी माशांना मागे रेटले, हेही तितकेच खरे. जैवविविधतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या मंचाने २०२३ साली जो अहवाल दिला, त्यात जगभर माणसाने इकडून तिकडे नेलेल्या ३७ हजारांहून अधिक जातींची मोजदाद आहे. त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक उपद्रवी ठरल्या. जगात ज्या जाती नामशेष झाल्या, त्यांच्यापैकी ६० टक्क्यांच्या बाबतीत या आगंतुकांचा हात होता. म्हणजे दहांपैकी नऊ परक्या जाती पचतात असे म्हणून निर्धास्त राहण्याची सोय नाही. बऱ्याचशा निरुपद्रवी राहतात, पण जी एखादी बिघडते ती परत घेता येत नाही. तळ्यात सोडलेला मासा मागे बोलावता येत नाही.

फ्लोरिडाचा धडा

यावर आपले ठरलेले उत्तर म्हणजे आणखी कडक बंदी. २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. उपद्रवी परक्या जातींची आयात, व्यापार, प्रसार आणि त्या जवळ बाळगणे यांचे नियमन करण्याचा किंवा त्यावर बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. यातला ‘बाळगणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण त्याने कायद्याचा हात दिवाणखान्यातल्या टाकीपर्यंत पोहोचू शकतो. पोहोचावाही. पण पोहोचल्यावर काय होईल?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हा प्रयोग होऊन गेला आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी हौशी मत्स्यपालकांना विकण्यासाठी थायलंडहून तिथे मांगूर आणला गेला. आफ्रिकन नव्हे, त्याचा आशियाई भाऊबंद. काही मासे निसटले. पावसात रस्त्यावरून सरपटणारे मासे पाहून लोक थक्क झाले. १९६७ साली राज्याने तो आणण्यावर आणि बाळगण्यावर बंदी घातली. तेव्हा टँपा शहराच्या परिसरातल्या काही मत्स्यपालकांनी काय केले? आपापले साठे जवळच्या पाण्यात सोडून दिले! बेकायदा ठरलेल्या मालाची विल्हेवाट लावण्याचा तो सर्वात स्वस्त मार्ग होता. दहाएक वर्षांत तो मासा दक्षिण फ्लोरिडाभर पसरला. तळ्यांत शिरून तो पाळीव मासे फस्त करू लागला, तेव्हा त्याच व्यावसायिकांना आपल्या तळ्यांभोवती कुंपणे घालावी लागली.

बंदी चुकीची नव्हती. बंदीबरोबर ‘हा मासा आता कुठे द्यायचा?’ या प्रश्नाचे उत्तर दिलेले नव्हते. पुढे त्याच राज्याने ते दिले. परदेशी पाळीव प्राणी नकोसा झाला, तर दंड नाही, चौकशी नाही, तो आणून द्या, अशी माफीची योजना तिथे सुरू झाली. सांभाळण्याची ऐपत असलेल्यांची आधीच नोंद करून प्राणी त्यांच्याकडे सोपवले जातात. आपल्यालाही हे अगदी अपरिचित नाही. २०२० साली केंद्राने परदेशी दुर्मीळ प्राणी बाळगणाऱ्यांना ते स्वेच्छेने जाहीर करण्याची सवलत दिली होती. लोकांनी त्या सवलतीचा फायदा घेतला. मिशाळ माशासारख्या सामान्य जीवाला मात्र असा दरवाजा नाही.

निर्माल्य कलशाची युक्ती

हे आपल्या लोकांना जमेल का, अशी शंका काढणाऱ्यांना मी विसर्जनाच्या घाटावर नेऊ इच्छितो. निर्माल्य नदीत टाकणे हा पिढ्यान्पिढ्यांचा संस्कार होता. नदीत टाकू नका, असे नुसते फलक लावून तो सुटला नाही. घाटावर निर्माल्य कलश आला, पालिकेची माणसे उभी राहिली, तेव्हा लोक हार-फुले कलशात टाकू लागले. पुढे गणपतीसाठी हौदही आले. श्रद्धा कायम राहिली, फक्त तिला वेगळी जागा मिळाली. तळ्यात मासा सोडणाऱ्याच्या मनातली भूतदयाही अशीच आहे. तिला जागा करून द्यायला हवी.

ही जागा फार खर्चिक नाही. दुकानात प्रत्येक टाकीवर माशाच्या पूर्ण वाढीची लांबी फुटांत लिहिणे सक्तीचे करावे. ‘कॅटफिश, ३० रुपये’ या पाटीशेजारी ‘वाढ चार-पाच फूट’ अशी दुसरी पाटी असली, तर कोणता बाप तो मासा मुलाला घेऊन देईल? विकलेला मासा परत घेण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असावी. बंदी असलेली जात विकणाऱ्यावर कारवाई व्हावी, पण ती आणून देणाऱ्या कुटुंबाला आरोपी करू नये. महापालिकांनी मत्स्यव्यवसाय खात्याच्या मदतीने वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीच्या सुटीनंतर, नको असलेले मासे स्वीकारण्याचा दिवस ठेवावा. जाणकारांची आपल्याकडे वाण नाही. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, रत्नागिरीला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे. देशी मांगूर कोणता आणि आफ्रिकन कोणता, हे तिथला विद्यार्थी डोक्याच्या कवटीवरून सांगेल.

तोवर ज्यांच्या घरी असा मासा आहे, त्यांनी काय करावे? नळ, नाला, विहीर, तलाव, नदी यांपैकी कशातही तो सोडू नये, हे पहिले. शक्य असेल तितकी मोठी टाकी द्यावी, झाकण जड ठेवावे आणि पाणी व झाकण यांच्यामध्ये चार बोटे हवा राहू द्यावी, म्हणजे त्याला श्वास घेता येईल. मांस थोडे आणि क्वचित द्यावे. दुकानदार, मोठे हौद बाळगणारे हौशी लोक, मत्स्य खाते यांच्याकडे विचारणा करावी. मोटूच्या बाबतीत सोसायटीने तळमजल्यावर जिन्यामागे हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी ठेवू दिली. वर जाड जाळी बांधली. फार थोर व्यवस्था नाही, पण तलाव वाचला. काहीच जमले नाही, तर जनावरांच्या डॉक्टरांकरवी भूल देऊन त्याला शांतपणे मरण देणे हाही एक पर्याय आहे. लवंगेच्या तेलात असलेल्या युजेनॉलने माशांना भूल देतात. सुटीच्या दिवशी वाचायला हे कठोर वाटेल. परंतु एका माशावरची दया तळ्यातल्या हजारो मुक्या जिवांच्या जिवावर उठत असेल, तर ती दया कोणाच्या खात्यावर मांडायची?

मुलांना टाकी जरूर द्यावी. तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून कित्येक पिढ्यांनी समुद्र पाहिला. घरातली टाकीही असेच काही दाखवते. फक्त पिशवी हातात घेण्याआधी मुलासमोरच दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत. हा केवढा होतो? आणि नको झाला, तर तुम्ही परत घ्याल का? उत्तर मिळाले नाही, तर पिशवी तिथेच ठेवून यावे. पावसाळा दर वर्षी येतो, तळी भरतात, ओढे वाहतात, आणि एका तळ्यातले पाणी दुसऱ्याला भेटते. त्या पाण्यात काय असावे, याचा निर्णय काही अंशी त्या दुकानाच्या दारातच होत असतो.